पातीची घरपट्टी आणि जाकार्ताची तिजोरी: इंडोनेशियातला एक ग्रामीण जिल्हा चालतो तरी कसा?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशिया आपल्याकडच्या बातम्यांत आला तो जाकार्तातल्या खासदारांच्या घरभाडे भत्त्यामुळे आणि त्यावरून झालेल्या जाळपोळीमुळे. पण त्याच्या जवळजवळ दोन आठवडे आधी, १३ ऑगस्टला, मध्य जावातल्या पाती नावाच्या एका शेतीवाडीच्या जिल्ह्यात हजारो माणसं कचेरीसमोरच्या मैदानात जमली होती, अश्रुधूर सोडला गेला, जिल्ह्याचा प्रमुख चिलखती गाडीतून डोकं बाहेर काढून माफी मागत होता आणि लोक त्याच्यावर चपला आणि पाण्याच्या बाटल्या फेकत होते. कारण काय, तर घरपट्टी. आपल्याकडे ही बातमी फारशी आलीच नाही, आणि ज्यांनी वाचली त्यांना प्रश्न पडला की बाबा, घरपट्टी वाढली म्हणून एवढं? आणि हा जो माणूस माफी मागतोय तो कलेक्टर आहे, आमदार आहे की महापौर?

प्रश्न रास्त आहे. इंडोनेशियाची जिल्ह्याची रचना आपल्यासारखी नाही, त्यामुळे ती माहीत नसेल तर पातीची भानगड नुसती गर्दी आणि दंगा वाटते. म्हणून अगदी पायापासून सुरू करू.

आधी पाती कुठे आहे ते बघू

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सेमारांग हे मोठं बंदराचं शहर आहे, तिथून पूर्वेला साधारण ७५ किलोमीटरवर पाती. क्षेत्रफळ जेमतेम १,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि लोकसंख्या १३ लाखांच्या वर, म्हणजे जवळपास गोव्याइतकी. जावात जिल्हे असेच असतात, छोटे आणि गच्च भरलेले.

वायव्येला मुरिया नावाचा जुना ज्वालामुखी, १,६०२ मीटर उंच. दक्षिणेला केंडेंगची चुनखडीची डोंगररांग. मधला सगळा सखल भाग, आणि या सखल भागाची गंमत अशी की काही शतकांपूर्वी इथे चक्क समुद्र होता. मुरियाचा डोंगर तेव्हा वेगळं बेट होता आणि बेट आणि मुख्य जावा यांच्यामध्ये उथळ सामुद्रधुनी होती, ती नद्यांच्या गाळाने हळूहळू भरत गेली आणि तिथे भातशेती उभी राहिली. पण जमिनीने आपली उंची काही बदलली नाही. त्यामुळे पावसाळ्यात जुवाना नदी फुगली की पाणी शेतात शिरतं आणि कधीकधी आठवडेच्या आठवडे हलत नाही, लोक उंबऱ्यापर्यंतच्या पाण्यात संसार करतात.

किनाऱ्याला जुवाना, तायू, मार्गोयोसो असे भाग, तिथे खाऱ्या पाण्याची तळी, त्यात बांदेंग नावाचा चंदेरी मासा वाढवतात, कोरड्या दिवसांत मिठागरं चालतात. जुवानाला मोठं मासेमारी बंदर आहे आणि पितळेच्या वस्तू करणारे कारागीरही आहेत. मार्गोयोसोच्या बाजूला कसाव्यापासून साबुदाण्यासारखं पीठ काढायचे छोटे कारखाने, त्रांगकिलला साखर कारखाना. इंडोनेशियात दुकानोदुकानी मिळणारे खारे शेंगदाणे विकणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांचं मूळ गावही पातीच. जिल्ह्याचं ब्रीद आहे ‘बुमी मिना तानी’, म्हणजे मासे आणि शेतीची भूमी, आणि ते खोटं नाही. थोडक्यात, गरीब म्हणून हिणवावं असा हा जिल्हा नाही, पण इथे मोठे हॉटेल, मॉल, विमानतळ असं काही नाही ज्यातून कचेरीला घसघशीत कर मिळेल. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जिल्हा म्हणजे काय, बुपाती म्हणजे कोण

इंडोनेशियात ३८ प्रांत आहेत. प्रांताच्या खाली दोन प्रकारचे जिल्हे: ग्रामीण असेल तर काबुपातेन, शहरी असेल तर कोता. दोघांचा दर्जा एकच, कोता मोठा आणि काबुपातेन छोटा असं काही नाही. काबुपातेन ४१६ आणि कोता ९८, मिळून ५१४. पाती हे काबुपातेन आहे. त्याचं मुख्य गावही पातीच, पण ते गाव काही वेगळी नगरपालिका नाही, जिल्ह्याचाच एक भाग आहे.

काबुपातेनचा प्रमुख म्हणजे बुपाती. आपल्या हिशोबात सांगायचं तर कलेक्टरचा बंगला आणि मान, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाची कामं, आणि वर थेट लोकांनी मत देऊन निवडून दिलेला, असं तिन्ही एका माणसात. आपल्याकडे कलेक्टर बदलून जातो, लोक त्याला पाडू शकत नाहीत, आणि अध्यक्षाला कलेक्टरचा रुबाब नसतो. तिकडे बुपातीकडे दोन्ही.

हे नेहमीच असं नव्हतं. डचांच्या काळात बुपाती हा खानदानी जावानीज सरदार असायचा, डच रेसिडेंटच्या, म्हणजे त्यांच्या मोठ्या साहेबाच्या, हाताखाली. पाती तर एका मोठ्या रेसिडेन्सीचं ठाणं होतं, कुदुस, जेपारा, रेमबांग, ब्लोरा हे शेजारचे जिल्हे त्यात यायचे, आणि आजही या सगळ्या जिल्ह्यांच्या गाड्यांना एकाच अक्षराची नंबरप्लेट असते. हुकूमशहा सुहार्तोच्या काळात बुपाती कोण हे जाकार्ताच्या मर्जीने ठरायचं, बऱ्याचदा लष्करातला माणूस. १९९८ ला सुहार्तो गेला, १९९९ ला कायदा आला, २००१ पासून सत्ता जिल्ह्यांकडे गेली. प्रांतांकडे नाही, जिल्ह्यांकडे, हे मुद्दाम केलं, कारण प्रांत बलवान झाले तर देश फुटेल अशी भीती होती. मग २००५ पासून बुपातीची थेट निवडणूक सुरू झाली.

एक आपली माहिती म्हणून: २०१७ ला पातीत बुपातीच्या निवडणुकीला एकच उमेदवार होता. मग मतपत्रिकेवर एका बाजूला त्याचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला रिकामी चौकट. लोकांनी रिकाम्या चौकटीला जास्त मतं दिली असती तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागली असती. पातीत माणूसच जिंकला, पण सोय मला फार आवडली, आपल्याकडच्या ‘नोटा’ला असे दात नाहीत.

बुपातीच्या खालची उतरंड

काबुपातेनचे तुकडे म्हणजे केचामातान, साधारण आपला तालुका पण बराच लहान. पातीत असे २१ आहेत. त्याचा प्रमुख चामात, हा सरकारी नोकर, बुपाती नेमतो. त्याच्या खाली गावं, ४०१ देसा आणि ५ केलुराहान. देसाचा प्रमुख गावकरी निवडून देतात, केलुराहानचा प्रमुख वरून नेमलेला असतो. त्याखाली वस्ती आणि गल्ली पातळीची मंडळं, जी जपानी लष्कराच्या ताब्यातल्या वर्षांपासून चालत आलीत, रेशन आणि पहाऱ्यासाठी बसवलेली, ती तशीच राहिली.

खरी जान देसात आहे. गावचा प्रमुख आता आठ वर्षांसाठी निवडला जातो, आधी सहा होती, २०२४ च्या कायद्याने वाढवली. त्याच्याबरोबर चारिक म्हणजे सचिव, मोदिन म्हणजे लग्न-मयत-नमाज बघणारा, असे गावचे कारभारी. यांना पगाराबरोबर बऱ्याच गावांत बेंगकोक जमीनही असते, म्हणजे गावाच्या मालकीची भातखाचरं, जो पदावर असेल तो कसणार किंवा खंडाने देणार, पद गेलं की जमीन परत गावाकडे. आपल्याकडची वतनाची जमीन आठवेल, फरक एवढाच की ही वारसाने जात नाही. म्हणूनच गावच्या कारभाऱ्याची साधी वाटणारी जागा मिळवायला तिकडे एवढी मारामारी असते.

२०१४ च्या ग्राम कायद्यानंतर जाकार्ताहून थेट गावाच्या खात्यात पैसे येतात, गावाला सरासरी १०० कोटी रुपियाच्या आगेमागे. ऐकायला भलतं मोठं वाटतं, पण तिकडच्या रुपियाला शून्यं फार, आपल्या एका रुपयाला तिकडचे साधारण १८५ रुपिया पडतात, तेव्हा ते झाले पन्नास-पंचावन्न लाख रुपये.

मग बुपातीच्या हातात नक्की काय काय असतं?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, तिकडच्या लोकांचाही होतो. कायद्याने सहा गोष्टी पूर्णपणे केंद्राच्या: परराष्ट्र, संरक्षण, सुरक्षा, न्याय, चलन-वित्त आणि धर्म. म्हणजे पोलीस जाकार्ताचे. लग्न नोंदवणारं धार्मिक कार्यालय प्रत्येक केचामातानात असतं पण तेही जाकार्ताचं. बुपातीकडे स्वतःची म्हणावी अशी फौज एकच, सातपोल पेपे, म्हणजे फेरीवाले हटवणारी, अतिक्रमण काढणारी गणवेशातली माणसं.

प्राथमिक आणि मधली शाळा जिल्ह्याची, पण त्यापुढची प्रांताची. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय जिल्ह्याचं. गावातून जाणारा रस्ता जिल्ह्याचा असेल, प्रांताचा असेल किंवा देशाचा, खड्ड्यावर कुठे लिहिलेलं नसतं. उत्तर किनाऱ्याचा मोठा हायवे पातीतून जातो, तो देशाचा.

आता जुवाना नदी घ्या. शेतं बुडाली की शेतकरी बुपातीच्या दारात, पण नदी केंद्राच्या नदीखोरे कार्यालयाची, ते कार्यालय सेमारांगला. वरच्या अंगाला कुदुस जिल्ह्यात डचांनी बांधलेले विलालुंगचे दरवाजे आहेत, ते उघडले की दुसऱ्या नदीचं पुराचं पाणी जुवानाकडे वळतं. म्हणजे पाणी शेजारच्या जिल्ह्यातून येणार, नदीचा मालक केंद्र, बुडणार पाती, आणि निवडणुकीत शिव्या खाणार बुपाती.

समुद्राचंही तसंच. जिल्ह्याला एवढा किनारा, एवढं बंदर, पण २०१४ च्या कायद्याने १२ मैलांपर्यंतचा समुद्र प्रांताकडे गेला, त्यापुढचा केंद्राचा. २०१५ नंतर केंद्राने चांत्रांग नावाच्या तळ खरवडणाऱ्या जाळ्यावर बंदी आणली तेव्हा जुवानाचे मच्छीमार भडकले, आणि बुपातीला त्यात सहानुभूती दाखवण्यापलीकडे काही करता येण्यासारखं नव्हतं.

पैसा कुठून येतो

हा सगळ्या भानगडीचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश.

प्राप्तिकर आणि तिकडचा जीएसटीसारखा मूल्यवर्धित कर, दोन्ही मोठे कर केंद्राचे. केंद्र त्यातला काही भाग जिल्ह्यांना परत पाठवतं. ढोबळ मोठा हप्ता येतो तो मुख्यतः पगारात जातो, शिक्षक, नर्स, कारकून. दुसरा ठरावीक कामासाठी बांधून दिलेला, रस्त्याचा रस्त्यालाच, शाळेचा शाळेलाच. शिवाय गावांचा निधी, जो जिल्ह्याच्या हिशोबात दिसतो पण बुपातीला हात लावता येत नाही. पातीसारख्या ग्रामीण काबुपातेनच्या तिजोरीतला बहुतेक पैसा असा जाकार्ताहून येतो.

एकत्र कुटुंबात मोठ्या मुलाला सांगावं की आजपासून घर तू चालव, किराणा, फी, दवाखाना सगळं तुझ्याकडे, पण पगार बाबांच्या खात्यात आणि बाबा महिन्याला काय ते काढून देणार, तशी ही बुपातीची अवस्था. घरचे भांडणार मुलाशी.

मुलाची स्वतःची कमाई काय? हॉटेल-रेस्टॉरंटचा कर (पातीत किती असणार?), जाहिरात फलकांचा कर, जमीन हस्तांतराचा कर, २०२५ पासून वाहनकरावरचा अधिभार, आणि घर-जमिनीची पट्टी. या शेवटच्या पट्टीला तिकडे पीबीबी म्हणतात, आपण घरपट्टीच म्हणू, फक्त ती शेतजमिनीलाही लागते हे ध्यानात ठेवा. ही घरपट्टी आधी केंद्राची होती. २००९ च्या कायद्याने ती जिल्ह्यांकडे दिली आणि २०१४ पर्यंत सगळ्या जिल्ह्यांनी ती ताब्यात घेतली. ग्रामीण बुपातीच्या हातात जर एखादा मोठा कर असेल जो प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोचतो आणि जो तो स्वतः वाढवू शकतो, तर तो हाच.

घरपट्टी ठरते कशी

प्रत्येक जमिनीची आणि घराची एक सरकारी किंमत ठरवलेली असते, आपल्या रेडी रेकनरसारखी. त्यातून ठरावीक सूट वजा करायची, कमीत कमी एक कोटी रुपिया, आणि उरलेल्यावर दर लावायचा. दर जास्तीत जास्त अर्धा टक्का.

समजा एखाद्याच्या घर-जमिनीची सरकारी किंमत ११ कोटी रुपिया (दचकू नका, आपले सहा लाखही नाहीत). एक कोटी वजा, उरले दहा कोटी, दर समजा ०.१ टक्का, तर पट्टी एक लाख रुपिया, म्हणजे आपले ५४० रुपये. ती अडीचशे टक्क्यांनी वाढली तर साडेतीन लाख रुपिया, म्हणजे १,९०० रुपयांच्या आसपास.

आता यातली मेख. दर ठरतो जिल्ह्याच्या विधिमंडळात, डीपीआरडीत, तिथे चर्चा होते, मतदान होतं. पण जमिनीची सरकारी किंमत बुपाती स्वतःच्या सहीच्या आदेशाने बदलू शकतो. दराला हात न लावता किंमत वाढवली की पट्टी आपोआप वाढते आणि विधिमंडळात कोणाला हात वर करावा लागत नाही. पातीत बुपातीचा २०२५ चा आदेश क्रमांक १७ आला तो असा.

पातीत झालं काय

नोव्हेंबर २०२४ ला देशभर एकाच दिवशी निवडणुका झाल्या, पातीत बुपाती म्हणून सुदेवो निवडून आले, २० फेब्रुवारी २०२५ ला जाकार्तात राष्ट्राध्यक्ष प्राबोवोंनी देशभरच्या ९६१ प्रमुख-उपप्रमुखांना एकदम शपथ दिली, त्यात हेही होते. पण त्याच्या आधीच, जानेवारीत, प्राबोवोंनी काटकसरीचा हुकूम काढला होता: सरकारी खर्चातून ३०६ ट्रिलियन रुपिया कापा (एक ट्रिलियन म्हणजे लाख कोटी). त्यातले ५० ट्रिलियनच्या वर जिल्ह्या-प्रांतांना जाणाऱ्या पैशातले. आपल्या पैशात २७ हजार कोटी. म्हणजे नव्या बुपातींनी खुर्चीत बसायच्या आधीच हप्ता कमी झालेला.

मे महिन्यात बुपातीने सगळे चामात आणि गावप्रमुखांची संघटना यांना बोलावलं आणि घरपट्टी अडीचशे टक्क्यांपर्यंत वाढवायचं ठरलं. कारण दिलं ते असं: १४ वर्षं वाढ नाही, पातीची घरपट्टी वर्षाला २९०० कोटी रुपिया येते, तर शेजारच्या जेपाराला ७५०० कोटी, कुदुस आणि रेमबांगला ५०००, आणि पाती तर या सगळ्यांपेक्षा मोठं. (२९०० कोटी म्हणजे आपले साडेपंधरा कोटी, एवढंच.)

मग पट्टीचे कागद गावात आले. हे कागद टपालाने येत नाहीत, गावचा कारभारीच घरोघर वाटतो आणि बऱ्याचदा पैसेही तोच गोळा करतो, म्हणजे ज्या माणसाकडे दाखला मागायला जायचं तोच दारात कागद घेऊन उभा. बोभाटा झाला. लोकांनी मोर्चाची तारीख ठरवली आणि कचेरीसमोरच्या आलुन-आलुनपाशी, म्हणजे जावातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठाण्यात असतं त्या मोठ्या चौकोनी मैदानापाशी, मदत गोळा करायला लागले, मुख्यतः पिण्याच्या पाण्याची खोकी. बुपाती म्हणाले की पाच हजार काय, पन्नास हजार माणसं आणा, मी डरत नाही. हे वाक्य मोबाइलवरून जिल्हाभर फिरलं. ५ ऑगस्टला सातपोल पेपेची माणसं आली आणि ती पाण्याची खोकी गाडीत भरून न्यायला लागली, कारण ७ ऑगस्टला जिल्ह्याचा ७०२ वा वाढदिवस होता आणि मिरवणुकीसाठी जागा मोकळी हवी होती. त्या झटापटीचाही व्हिडिओ फिरला, आणि दुसऱ्या दिवसापासून खोकी दुप्पट यायला लागली, फुटपाथवर भिंत उभी राहावी तशी. माझ्या मते मोर्चा खरा मोठा झाला तो इथे, पट्टीच्या कागदाने नाही तर त्या खोक्यांनी.

८ ऑगस्टला बुपातीने वाढ मागे घेतली, माफी मागितली. तरी १३ ला लोक आलेच.

पट्टी मागे घेतली होती, मग मोर्चा का?

कारण तोपर्यंत मागणी बदलली होती, आता राजीनामा हवा होता. आणि तक्रारी एकट्या पट्टीच्या नव्हत्या. जिल्हा रुग्णालयातल्या २२० कंत्राटी लोकांना काढलं होतं. शाळा आठवड्याला पाच दिवस करायचं ठरवलं होतं, ते धार्मिक शाळावाल्यांना नको होतं, कारण सरकारी शाळा लांबली की दुपारी मुलं मदरशात जाणार कधी? बघा, रुग्णालय आणि प्राथमिक-मधल्या शाळा, दोन्ही बुपातीच्याच अखत्यारीतल्या गोष्टी. काटकसर करायची तर हात पोचतो तिथेच करणार, आणि हात पोचतो ती माणसं शेजारपाजारचीच असतात.

१४ वर्षं वाढ नव्हती, मग वाढवली तर चुकलं काय?

हा आक्षेप मलाही पटतो, अर्धा. जमिनीच्या किमती वाढल्या, सरकारी किंमत जुनीच राहिली, हे खरं. दर तीन वर्षांनी ती सुधारावी असं कायदाही सांगतो. पण १४ वर्षं झोपायचं आणि एका वर्षात सगळं वसूल करायचं हे कोणत्या गणितात बसतं? पातीत २०२५ चं किमान वेतन महिना २३ लाख ३२ हजार ३५० रुपिया, आपले साडेबारा हजार, आणि तेही कारखान्यात कामाला असेल त्याला. शेतमजुराला, मिठागरातल्या माणसाला ते मिळेलच असं नाही. वर शेताची किंमत कागदावर वाढली म्हणून भाताचं पीक वाढत नाही. जमीन विकणाऱ्याला चढी किंमत मिळते, कसणाऱ्याला फक्त पट्टी.

आणि या मातीत करावरून अडून बसायची परंपरा आहे. शेजारच्या ब्लोरात शंभरेक वर्षांपूर्वी सामिन सुरोसेंतिको नावाचा शेतकरी होता, त्याने आणि त्याच्या माणसांनी डचांना कर द्यायचं शांतपणे नाकारलं, लाठी-काठी काही नाही, नुसतं नाही म्हणायचं. १९०७ ला डचांनी त्याला सुमात्राला पाठवलं, तिथेच तो वारला. त्याला मानणारी मंडळी, सेदुलुर सिकेप, आजही पातीच्या दक्षिणेला सुकोलिलोत शेती करून राहतात. केंडेंगच्या चुनखडीवर सिमेंट कारखाना येणार होता तेव्हा ही माणसं आणि आसपासच्या गावच्या बायका पुढे होत्या, डोंगर फोडला तर त्याच्या पोटातले झरे जातील आणि खालची शेती मरेल हे त्यांचं म्हणणं, आणि सुकोलिलोतला तो प्रकल्प २००९ च्या सुमाराला गुंडाळावा लागला. कंपनी शेजारच्या रेमबांगला गेली, तिथे भांडण पुन्हा पेटलं, २०१६ ला केंडेंगच्या नऊ बायका जाकार्तात राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यासमोर पाय सिमेंटमध्ये पुरून बसल्या. १३ ऑगस्टची गर्दी सामिनवाल्यांची होती असं मी म्हणत नाही, ती सगळ्या थरातली होती. पण ‘साधी खेड्यातली माणसं, थोडे दिवस कुरकुरतील’ हा अंदाज या भागाला लागू पडत नाही हे बुपातीच्या माणसांना तरी माहीत असायला हवं होतं.

एवढं झालं तर बुपाती तेव्हा गेला का नाही?

कारण निवडून आलेल्या बुपातीला काढणं फार अवघड करून ठेवलंय, आणि ते मुद्दाम. त्याच दिवशी, १३ ऑगस्टला, डीपीआरडीने चौकशी समिती नेमली. पण पुढची वाट अशी: विधिमंडळाचे तीन चतुर्थांश सभासद हजर हवेत, त्यातल्या दोन तृतीयांशांनी काढा म्हणायला हवं, मग प्रकरण जाकार्ताच्या सर्वोच्च न्यायालयात, तिथे ३० दिवसांत निकाल, आणि न्यायालय हो म्हणालं तर मग गृहमंत्री काढणार. गारुत जिल्ह्याच्या बुपातीला २०१३ ला असं काढलं होतं, चार दिवसांत मोडलेल्या लग्नाच्या प्रकरणावरून. जेंबरच्या विधिमंडळाने २०२० ला प्रयत्न केला तो सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला.

पातीत प्रकरण तिथपर्यंत गेलंच नाही. ३१ ऑक्टोबरला मतदान झालं, ४९ जण हजर, १३ जण म्हणाले काढा, ३६ जण म्हणाले कारभार सुधारा एवढी शिफारस करून सोडा. बाहेर लोक जमले होते, आत पक्षांचं गणित होतं.

गव्हर्नर काही करू शकत नाही का, असंही विचारतात. गव्हर्नर प्रांताचा, तोही निवडून आलेला, शिवाय केंद्राचा प्रतिनिधी. तो समज देऊ शकतो, कागदपत्रं तपासू शकतो. पण बुपाती त्याचा हाताखालचा अधिकारी नाही, बदली करून टाकता येत नाही.

बाकीच्या जिल्ह्यांचं काय?

पाती एकटं नव्हतं. चिरेबोन शहरात काही घरांची पट्टी हजार टक्क्यांपर्यंत गेल्याची ओरड होती, जोंबांगला एका माणसाने वाढलेली पट्टी नाण्यांनी भरली, सुलावेसीतल्या बोने जिल्ह्यात १९ ऑगस्टला दगडफेक झाली. १४ ऑगस्टला, म्हणजे पातीच्या दुसऱ्याच दिवशी, गृहमंत्र्यांनी सगळ्या जिल्ह्यांना पत्र काढलं: वाढ तपासा, लोकांना झेपत नसेल तर थांबवा किंवा रद्द करा.

पत्र काढायला पैसे लागत नाहीत. त्याच सुमाराला जाकार्तात २०२६ चं बजेट मांडलं गेलं, त्यात जिल्ह्या-प्रांतांना द्यायचा पैसा २०२५ च्या ९१९ ट्रिलियनवरून ६५० वर आणला होता, ओरड झाल्यावर तो ६९३ केला. शाळेतली मधल्या वेळेची खिचडी म्हणा, प्राबोवोंची मोफत जेवणाची योजना, ती आणि बाकी योजना केंद्र स्वतः चालवणार, तेव्हा जिल्ह्यांना तेवढा पैसा हातात लागणार नाही असं केंद्राचं म्हणणं. पण पातीच्या शिक्षकांचा पगार, २१ केचामातानांतली आरोग्य केंद्रं, जिल्ह्याचे रस्ते हे बुपातीच्याच वहीत आहेत, आणि त्या वहीत घरपट्टीच्या ओळीसमोर आता परत जुनाच आकडा आहे.